मशीनसोबत माणूस

रुचिताच्या बजेटमध्ये एकतीस ओळी होत्या आणि त्यातल्या नवव्या ओळीत एक माणूस होता. ‘ऑपरेटर – मशीनसोबत’ असं तिने लिहिलं होतं आणि रकमेच्या रकान्यात शून्य. पगार द्यायचाच होता, तो खाली मजुरीत धरलेला होता; पण माणूस शोधायला आणि शिकवायला काही पडणार नव्हतं. नवरीबरोबर पाठराखीण जाते तसा जुन्या मशीनबरोबर ते चालवणारा माणूस येतो, हा या धंद्यातला रिवाज तिला वडिलांनी, रवींद्रने, समजावून दिला होता. पाठराखीण चार दिवसांनी परत जाते, हा राहतो, एवढाच फरक.

कल्याण पूर्वेला रवींद्रचा पाच शिलाई मशिनांचा गाळा होता. कारखान्यांतले कामगार घालतात त्या सेफ्टी बुटांचा वरचा भाग, ज्याला सगळे अपर म्हणतात, तो तिथे शिवला जायचा. तळवा मात्र दुसऱ्याच्या कारखान्यात ओतून घ्यावा लागे, आणि दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं म्हणजे त्याच्या सवडीने चालायचं. दोनदा माल उशिरा गेला. मग मोठ्या गिऱ्हाइकाने तोंडावर सांगितलं, की अख्खा बूट एकाच जागी करत असाल तर महिन्याला दोन हजार जोड, नाहीतर रामराम. तेव्हा रवींद्रने डोंबिवलीच्या एमआयडीसीत भाड्याची एक शेड हेरली आणि सहकारी बँक गाठली. मॅनेजरांनी आराखडा मागितला. स्वतःचे दहा लाख धरून एकूण चाळीस लाख, त्याच्या वर एक पै नाही.

आराखडा रुचिताकडे आला, कारण ती केमिस्ट्रीत एम.एस्सी. होती आणि घरात आकड्यांना न घाबरणारी ती एकटीच होती. प्रत्येक ओळीला ती ‘का’ विचारायची. मोल्डला इतके पैसे का, सहाही साइझना वेगळे मोल्ड का, कंप्रेसर एवढाच का. रवींद्र एकदा वैतागून म्हणाला, ‘तू बजेट करतेयस की पीएचडी?’

चौदाव्या ओळीवर मात्र ‘का’ विचारायची पाळी त्याची होती. तिथे तिने धूर-वाफा खेचून बाहेर टाकणाऱ्या एक्झॉस्टचे साडेचार लाख धरले होते. रवींद्रच्या मते भिंतीत आठ-आठ हजारांचे दोन मोठे पंखे बसवले की झालं. रुचिताने त्याला कागदावर काढून दाखवलं. तळवा दोन द्रवांचा बनतो. कारखान्यात त्यांना पॉली आणि आयसो म्हणतात. दोन्ही एकत्र आले की काही सेकंदांत फेस फुगतो, साचा भरतो, पाच मिनिटांत तळवा तयार. घोळ आयसोचा. त्याच्या वाफेला वास जवळजवळ नाही, म्हणून कोणी भीत नाही. बहुतेकांना काही होतही नाही. पण एखाद्याचं शरीर त्याच्याशी वैर धरतं, आणि एकदा धरलं की सोडत नाही. मग खोलीत आयसोचा अंशही असला तरी त्या माणसाची श्वासनळी आवळते. त्याने ते काम सोडणं एवढाच उपाय राहतो.

रवींद्रने लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, ‘चौदा नंबर शेवटी बघू.’

शीळफाट्याच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून आत, स्वानंदचं गोदाम होतं. बंद पडलेल्या कारखान्यांची मशिनं उचलायची, पुसायची, रंग मारायचा आणि विकायची, हा त्याचा धंदा. पस्तिशीचा, बोलायला गोड. मशीन बारा स्टेशनचं होतं, म्हणजे गोल फिरणाऱ्या टेबलावर बारा मोल्ड बसायचे. साडेचौदा लाख. बँकेने चालेल म्हटलं होतं, फक्त मूल्यांकनाचा दाखला हवा.

मशीनजवळ महिपत उभा होता. पन्नाशीचा, काटकुळा, इस्त्रीचा शर्ट मुद्दाम घालून आलेला. हे मशीन अकरा वर्षं त्याने चालवलं होतं. सातव्या स्टेशनचं झाकण अडतं, त्याला डावीकडून चापट मारायची. पावसाळ्यात आयसोचं तापमान काट्यावर दिसतं त्याच्यापेक्षा दोन अंश जास्त ठेवायचं. हे सगळं तो एखाद्या हट्टी बैलाबद्दल सांगावं तसं सांगत होता. रुचिताने हातातल्या छापील बजेटवर खुणा करायला सुरुवात केली तेव्हा तो वाकून बघायला लागला आणि नवव्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

‘हा मी?’

‘हो, काका.’

‘शून्य?’ तो हसला. ‘बरोबर लिहिलंत. स्वानंदशेठ पण तेवढेच देतात.’

स्वानंदही हसला आणि म्हणाला की ओतून दाखव आता, ताईंना बघायचंय. महिपतने खिशातून रुमाल काढला, नळावर ओला केला, पिळला आणि तोंडाला बांधला. मग त्याने मशीन सुरू केलं. ओतलेल्या द्रवाला फेस येईपर्यंत तो ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होता. रुचिताने मोबाइलवर वेळ लावली. त्याचे नऊ आणि तिचे नऊ सेकंद एकदम झाले. पहिला तळवा बाहेर निघाला तसा त्याने तो उलटा करून उजेडात धरला आणि टाचेजवळची बारीक छिद्रं दाखवली. ड्रम उघडा राहिला असणार, आत दमट हवा शिरलीय, असं त्याने सांगितलं आणि स्वानंदने मान्य केलं, की दोन दिवस झाकण सैल होतं. नुसता तळवा वाचून एवढं सांगणारा माणूस रुचिताने लॅबमध्येही पाहिला नव्हता.

सहा तळवे झाल्यावर महिपत कोणाला न सांगता बाहेर गेला. रवींद्र आणि स्वानंद किमतीवर बोलत होते. रुचिता मागोमाग गेली, कारण तिला तो ओला रुमाल कशासाठी ते विचारायचं होतं. महिपत उभ्या टेम्पोच्या मागे उकिडवा बसला होता. खांदे वर उचललेले, मान ताणलेली. श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येत होता. त्याने खिशातून दम्याचा पंप काढला, दोनदा ओढला, आणि वर बघितलं तेव्हा ती समोर होती.

ती खाली बसली. त्याचा श्वास जरा उतरल्यावर तिने विचारलं, ‘कधीपासून?’

‘तीन वर्षं होतील.’

रविवारी कसं असतं, असं तिने विचारलं. रविवारी बरं असतं, तो म्हणाला. गणपतीत आठ दिवस घरी असलो की मागची टेकडी चढतो. कामावर गेलो की सोमवारी संध्याकाळी पुन्हा छाती आवळते. मधे कारखाना बंद होता ते चार महिने तर पंप शोधायला लागायचा, इतका विसरून गेलेलो.

‘डॉक्टरांना सांगितलंत, काय काम करता ते?’

‘बूट करतो म्हणालो.’

‘आणि हा ओला रुमाल?’

‘पाण्याने आयसो मरतं ना. तिथलाच एक केमिस्ट सांगायचा.’

ते खोटं नव्हतं. आयसो पाण्याशी खरंच झगडतं, म्हणून तर ड्रम दमट झाले की वाया जातात. पण श्वासाबरोबर आत जाणारी वाफ ओल्या फडक्याने अडत नाही. अर्धं शास्त्र कोणीतरी त्याच्या हातात दिलं होतं आणि तो तीन वर्षं ते तोंडाला बांधत होता. रुचिताने त्याला हे सांगितलं. आणि त्याच्या छातीने आयसोशी वैर धरलंय असं आपल्याला वाटतं, हेही सांगितलं. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

‘ताई, तुम्ही शिकलेल्या आहात,’ तो म्हणाला. ‘तर एक ऐका. माझ्याशिवाय हे मशीन भंगार आहे. आणि मशीनशिवाय मी. वडलांना सांगू नका.’

तिने मान हलवली. होकाराची की नुसतीच, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

पुढचे तीन दिवस ती गप्प राहिली आणि वाचत राहिली. जे वाचलं त्यात तिच्या सोयीचं काही सापडलं नाही. चांगला एक्झॉस्ट निरोग्याला वाचवतो. ज्याला एकदा धरलंय त्याला त्याचा भरवसा नाही. तिने चौदाव्या ओळीतले साडेचार सव्वापाच करून पाहिले, तोंडाला बाहेरून हवा पुरवणाऱ्या मास्कची एक ओळ वाढवली, बेरीज चाळिसाच्या वर गेली म्हणून पुन्हा खोडली. चौथ्या दिवशी जेवणं झाल्यावर रवींद्र पेन्सिल घेऊन बसला आणि त्याने चौदा नंबरवर आडवी रेघ मारायला हात नेला. साडेचार लाख सुटले तर गिऱ्हाइकाला दाखवायला दुसरं डिझाइन करता येईल, असं त्याचं म्हणणं होतं.

तेव्हा रुचिताने महिपतचं सगळं सांगितलं.

रवींद्रने पेन्सिल खाली ठेवली. मग त्याने विचारलं, की हे नक्की का. तिने सांगितलं, नक्की डॉक्टर सांगतील, पण सगळ्या खुणा त्याच आहेत. त्याने मान डोलावली. तो वाईट माणूस नव्हता. कोणाच्या मरणावर आपला धंदा नको, असं तो म्हणाला आणि लगेच पुढे म्हणाला, ‘मग दुसरा ऑपरेटर देतो का विचारतो.’

स्वानंदने फोनवर हसून सांगितलं, की मशीन आणि महिपत वेगळे विकत नाही. दुसऱ्या कोणाच्या हातात ते आठवडाभरही चालायचं नाही आणि शिव्या मला पडतील. रवींद्रने का नको ते कारण त्याला सांगितलं नाही. नुसतं नको म्हटलं.

मग नवं मशीन. आठच स्टेशनचं, साडेएकोणीस लाखांचं. चार दिवसांचं शिक्षण कंपनी देणार. बेरीज चाळीस लाखांच्या तीन लाख तीस हजार वर गेली. बापलेक दोन रात्री बसले. प्रत्येक साइझचे दोन जोड मोल्ड धरले होते, त्यातला एकेक काढला. दोन लाख सत्तर हजार वाचले. उरलेले साठ हजार रवींद्रच्या केबिनमधून गेले. काचेचं केबिन आणि त्यात गिऱ्हाइकासमोर फिरायची खुर्ची, हे त्याचं जुनं स्वप्न होतं. ते खोडताना त्याने रुचिताकडे बघितलं नाही. चौदावी ओळ राहिली. नवव्या ओळीत रुचिताने ‘नवीन ऑपरेटर, शिकाऊ’ असं लिहिलं. चाळीस लाख, बरोबर. रात्री तिला चांगली झोप लागली.

आठवड्याने एक फोन आला. भिवंडीहून बोलतोय, मशिनरीवाल्या स्वानंदकडून तुमचा नंबर घेतला, असं एक वयस्कर आवाज म्हणाला. बारा स्टेशनचं मशीन तो घेत होता, माणसासकट. सोमवारपासून माणूस रुजू होणार होता. फक्त पैसे देण्याआधी त्याला विचारायचं होतं.

‘आमच्यात पद्धत आहे, ताई. ज्याने बघून सोडलं त्याला विचारावं, का सोडलं. काय खोट आहे मशीनमध्ये?’

‘मशीन चांगलं आहे,’ रुचिता म्हणाली. एक्झॉस्ट बसवणार का, असं तिने विचारलं. पंखा आहे ना भिंतीत, तो म्हणाला.

‘आणि माणूस?’ त्याने विचारलं.

महिपतला वाचवलं असं ती आठ दिवस समजत होती, आणि प्रत्यक्षात तिने त्याला एक्झॉस्ट असलेल्या शेडमधून काढून नुसता पंखा असलेल्या शेडमध्ये पाठवलं होतं. आता खरं सांगितलं तर त्याची हीही नोकरी जाणार होती. नाही सांगितलं तर सोमवारी तो ओला रुमाल बांधून उभा राहणार होता.

‘उद्या सांगते,’ ती म्हणाली.

स्वानंदकडून तिने पत्ता घेतला आणि सकाळीच खडवलीला गेली. स्टेशनपासून वीस मिनिटं चालल्यावर घर सापडलं. ओटीवर महिपतची बायको हौसाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. महिपत आतून आला, रुचिताला बघून त्याचा चेहरा पडला. हौसाबाईने पाणी दिलं आणि कोण, कुठली विचारलं.

रुचिता सरळ मुद्द्यावर आली. भिवंडीचा फोन आला होता, माणसाबद्दल विचारत होते, एवढं सांगून ती महिपतला म्हणाली, ‘एकदा तुम्हाला न विचारता बोलले, काका. या वेळी विचारायला आलेय.’

‘म्हणजे डोंबिवलीचं काम तुमच्यामुळे गेलं,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘मग आता सांगा, माणूस ठणठणीत आहे म्हणून.’

‘कशाबद्दल बोलताय?’ हौसाबाईने सूप बाजूला ठेवलं. रुचिताने तिला सांगितलं. आयसो काय, ते छातीत कसं बसतं, रविवारी का बरं वाटतं, सोमवारी का नाही. हौसाबाई ऐकत राहिली. मागच्या तीन वर्षांतले दिवस ती मनात एकेक लावून बघत असावी, असा तिचा चेहरा होता.

‘तीन वरसं मी अडुळशाचा काढा उकळतेय,’ ती शेवटी म्हणाली. ‘बिडी सोडवली. बिडीवरून माणसांत बोलले यांना, पोरांदेखत बोलले. म्हणजे बिडी नव्हतीच?’

‘मी सांगत होतो तुला,’ महिपत म्हणाला.

‘बिडी नाही एवढंच सांगत होता. काय आहे ते नाही सांगितलंत.’

मग हौसाबाईने रुचिताला विचारलं, ‘सोडलं तर जाईल?’

रुचिताला हो म्हणायची फार इच्छा झाली. ‘पूर्ण जाईल असं मला सांगता येणार नाही,’ ती म्हणाली. ‘लवकर सोडलं तर पुष्कळ बरं होतं. नाही सोडलं तर वाढतच जातं. एखाद्या दिवशी पंप पुरणार नाही.’

‘आणि पगार कोण पुरवणार?’ महिपत म्हणाला. ‘अठरा हजार देतायत भिवंडीला.’

हौसाबाईने हात पुढे केला. ‘लाव फोन.’

रुचिताने महिपतकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता. तिने नंबर लावला आणि मोबाइल हौसाबाईच्या हातात दिला. हौसाबाईने तो कानापासून जरा लांब धरला आणि नेहमीपेक्षा मोठ्याने बोलली.

‘मी महिपतची बायको. ते येणार नाहीत. त्यांची छाती धरलीय तुमच्या त्या आयसोने. दुसरा कोण ठेवाल तर त्याला तरी सांभाळा.’

पलीकडून काय बोलणं झालं ते कळलं नाही. तिने मोबाइल परत केला आणि सूप ओढून घेतलं, पण पाखडलं नाही. महिपत उठून चपला घालून बाहेर गेला.

रुचिता निघाली तेव्हा तो रस्त्याच्या कडेला, बांधावर बसलेला होता. ती थांबली. तो रागावेल, शिवीही देईल, अशी तिने तयारी ठेवली होती. त्याने फक्त विचारलं, ‘आता तुमच्या कागदात मी कुठे आहे, ताई?’

नवव्या ओळीत दुसरा माणूस होता आणि बेरीज बरोबर होती. विचार करते, असं काहीतरी ती पुटपुटली. ते किती पोकळ आहे हे दोघांनाही कळलं.

घरी येऊन तिने रवींद्रला पहिल्यापासून सांगितलं. मग म्हणाली, की महिपतला मशीनजवळ न्यायचंच नाही. तळवे दुसऱ्या दिवशी, पूर्ण पक्के झाल्यावर, कल्याणच्या गाळ्यात आणायचे. तिथे तो बसून तपासेल आणि डोंबिवलीच्या नव्या पोराला फोनवर सांगेल, काय चुकलं. आयसो आणि त्याच्यामध्ये अख्खं एक शहर राहील. नव्या माणसाच्या हातून पहिल्या महिन्यात किती माल वाया जाईल, याचा हिशेबही तिने मांडला होता.

रवींद्रने हिशेब बघितला नाही. ‘त्याचे पैसे कशातून काढायचे?’ एवढंच विचारलं.

काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने मोल्डची यादी पुढे ओढली. पाच ते दहा, सहा साइझ, सहा जोड, प्रत्येकी पंचेचाळीस हजार. पेन्सिल आधी पाचवर गेली. पाच नंबर कारखान्यातल्या बायकांना लागतो, रुचिता म्हणाली. मग त्याने सहा आणि दहा खोडले. सहावाल्याला तूर्त सात देऊ, जाड मोजे घालायला सांगू, तो म्हणाला. दहावाला गेला. गिऱ्हाईक कुरकुरणार, हे त्याला माहीत होतं.

नव्वद हजार. महिपतला महिना पंधरा हजारांनी सहा महिने.

रुचिताने महिपतला फोन लावला. उचलला हौसाबाईने. ते शेतावर गेलेत, तुम्ही येऊन गेल्यापासून कोणाशी बोलत नाहीत, ती म्हणाली. रुचिताने काम समजावलं, पगार सांगितला, तो भिवंडीपेक्षा कमी आहे हेही सांगितलं.

‘आणि सहा महिन्यांनी?’

‘ते अजून धरलेलं नाही, मावशी.’

‘बरं,’ हौसाबाई म्हणाली. ‘सांगते त्यांना. येतील की नाही ते मी नाही सांगत.’

आराखडा शुक्रवारी द्यायचा होता. नव्या ऑपरेटरला रुचिताने दहाव्या ओळीत ढकललं. नवव्या ओळीत ‘तळवे तपासनीस, कल्याण गाळा’ असं लिहून पुढे रक्कम घातली. नावाचा रकाना मोकळा ठेवला. नाव महिपत फोन करील तेव्हा घालायचं असं तिने ठरवलं, आणि गुरुवारी संध्याकाळपर्यंत प्रिंट काढली नाही.